उत्तरेकडच्या सावलीतली लाल फळं : इंग्लंडातल्या लीड्समधल्या घराच्या मागच्या अंगणातल्या नोंदी

१६ ऑक्टोबर २०२२, रविवार

आजपासून वहीत लिहायचं ठरवलंय कारण मागची तीन वर्षं काय लावलं कधी लावलं काहीच आठवत नाही आणि दरवर्षी तीच चूक होते. मागचं अंगण साधारण ९ मीटर लांब, ५ मीटर रुंद, घराच्या बरोबर उत्तरेला, त्यामुळे घराचीच सावली पडते. गुलाब लावले, नुसतेच उंच गेले, फूल नाही. झेंडू गोगलगाईंनी खाल्ला. पहिल्या वर्षी सातारहून आणलेलं तुळशीचं बी टाकलं होतं ते तर बोटभर वाढलं आणि सप्टेंबरातच गेलं, ते फार लागलं मनाला.

आता सावलीशी भांडण बंद. सावलीतच ज्यांना आवडतं अशीच झाडं आणायची, आणि अट दोनच, वर्षभर पानं हिरवी राहिली पाहिजेत आणि हिवाळ्यात फळांचा रंग दिसला पाहिजे, कारण इथे नोव्हेंबर ते मार्च स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे दिसतं त्यावरच दिवस काढायचा असतो.

माहेरी न्हाणीघराच्या मागे कुंती होती, तिथे कधीच नीट ऊन यायचं नाही तरी पांढरी फुलं आणि नंतर शेंदरी लाल फळं, बुलबुल येऊन खायचे. तसं काहीतरी हवंय मला इथे.

२३ ऑक्टोबर

मातीचं बघितलं. बरणीत माती, पाणी घालून हलवून ठेवली रात्रभर, सकाळी खाली पातळसा वाळूचा थर आणि वर जाडजूड चिकणमाती. पीएच किटमध्ये रंग ६.५ च्या आसपास आला, म्हणजे किंचित आम्ल, ही चांगली बातमी कारण सावलीतल्या बऱ्याच झुडपांना चुनखडीची माती चालत नाही.

जिन्याखाली दोन वर्षं गोळा करून ठेवलेली पानांची पिशवी उघडली, आत मस्त काळं भुसभुशीत पानखत झालंय, जंगलात पावसानंतर येतो तसा वास. हे सगळं त्या चिकणमातीत मिसळणार.

५ नोव्हेंबर

गार्डन सेंटरमधून दोन स्किमिया आणि एक ऑक्युबा आणलं, दोन्ही सावलीत वाढणारी सदाहरित झुडपं. स्किमियाच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला गडद लाल बारीक मण्यांचे घोस, बघताक्षणी उचलल्या दोन्ही. लेबलवर नुसतं स्किमिया आणि सावलीसाठी उत्तम एवढंच. ऑक्युबाचं लेबल नीट होतं, क्रोटोनिफोलिया, पानं हाताएवढी मोठी आणि त्यावर पिवळे शिंतोडे, कोणीतरी ब्रश झटकल्यासारखे. इथे जुन्या घरांच्या समोर, चर्चच्या कोपऱ्यांत, बसस्टॉपमागे ऑक्युबा सगळीकडे दिसतं कारण धूर, सावली, कोरडी माती सगळं सोसतं.

खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोली कुंडीएवढीच, जास्त खोल लावलं तर चिकणमातीत खोड कुजतं. मुळं गोल गोल फिरलेली होती ती बोटांनी सोडवली. वरून पानखताचा तीन इंच थर, खोडाला चिकटू न देता.

लेक चार वर्षांची आहे म्हणून पहिल्याच दिवशी तिला सांगून ठेवलं, बागेतलं काहीही तोंडात घालायचं नाही. स्किमिया आणि ऑक्युबा दोघांचीही फळं पोट बिघडवतात.

१३ डिसेंबर

आठवडाभर कडाक्याची थंडी, दिवसासुद्धा पारा शून्याच्या वर जायला तयार नाही. सकाळी बघते तर ऑक्युबाची सगळी पानं छत्री मिटल्यासारखी खाली लोंबलेली, कोवळी दोनतीन काळी पडलेली. वाटलं गेलं झाड. स्किमियाला मात्र काही नाही, लाल घोसांवर दव गोठून साखरेसारखं बसलंय.

१९ डिसेंबर

थंडी ओसरली आणि ऑक्युबाची पानं परत वर आली! काळी पडलेली तेवढी कापून टाकली. थंडीत पान मिटून घेणं ही त्याची सवयच दिसतेय, पुढच्या वेळी घाबरायचं नाही.

२१ डिसेंबर

आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस म्हणून हिशोब केला. लीड्स जवळजवळ ५४ अक्षांशावर, म्हणजे आज भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त १३ अंश वर. आमच्या घराची भिंत ६ मीटर धरली तर तिची सावली २६ मीटर पडते, म्हणजे अंगण संपून शेजाऱ्यांचं अंगण संपून पलीकडच्या गल्लीपर्यंत. सातारला आज दुपारी सूर्य ४९ अंशांवर असतो, तीच भिंत तिथे असती तर सावली सव्वापाच मीटर. इतकी वर्षं मी सातारच्या डोक्याने इथे झाडं लावत होते हे आकडे लिहिल्यावर कळलं.

१९ फेब्रुवारी २०२३, रविवार

हॅरोगेटजवळ हार्लो कारच्या बागेत गेलो होतो, तिथे खास हिवाळ्यासाठीची पायवाट आहे. चालता चालता एकदम मधासारखा गोड वास, मी थांबले, नवरा म्हणाला कोणीतरी अत्तर लावलंय. शोधलं तर गुडघ्याएवढं साधंसं झुडूप, बारीक चकचकीत पानं, पांढरी दोऱ्यासारखी फुलं आणि त्याच फांदीवर मागच्या वर्षीची काळी टपोरी फळं. सारकोकोका कन्फ्युझा. यात नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात म्हणून एक लावलं तरी फळ धरतं. याचे भाऊबंद आपल्या हिमालयातही आहेत, सारकोकोका हुकेरियाना तिथलंच.

येताना एक छोटं रोप घेऊन आले. मागच्या दाराच्या अगदी शेजारी लावलं, म्हणजे कचरा टाकायला दार उघडलं तरी वास आत यावा.

२२ एप्रिल

आज सगळं उलगडलं आणि खूप वाईटही वाटलं.

ज्यांना मी पाच महिने लाल फळं समजत होते ती फळं नव्हतीच, कळ्या होत्या. गेल्या आठवड्यात त्या उमलल्या, पांढरट गुलाबी, वास छान. मग लेकीचं भिंग घेऊन नीट बघितलं. चार पाकळ्या, चार पुंकेसर, प्रत्येकाच्या टोकाला पिवळी परागाची पिशवी, बोट लावलं की हळदीसारखं लागतं. आणि मध्यभागी, जिथे बीजांडकोश फुगीर दिसायला हवा तिथे जेमतेम एक ठिपका. दुसऱ्या झाडाचं फूल बघितलं, तेच. दहा फुलं बघितली, तेच. दोन्ही नर.

वाचल्यावर कळलं की ही रुबेला नावाची जात, तिच्यात फक्त नरच असतात, आणि हिवाळाभर लाल कळ्या दिसतात म्हणून दुकानात सगळ्यात जास्त हीच विकतात. वाईट झाड अजिबात नाही, पण याला फळ कधीच लागणार नाही आणि हे लेबलवर एका ओळीत लिहायला हवं होतं. स्किमिया जॅपोनिकात नर झाड वेगळं, मादी वेगळं. पपईसारखंच. आपल्याकडे पपई लावणारा प्रत्येक माणूस हे विचारतो, नर की मादी, मग मी इथे का नाही विचारलं.

रात्री उशिरापर्यंत वाचत बसले होते, ऑक्युबाची गोष्ट तर वहीत लिहून ठेवायलाच हवी. थुनबर्ग नावाचा स्वीडिश वनस्पतीतज्ज्ञ १७७५-७६ ला डच ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर म्हणून जपानात होता, ऑक्युबा आणि स्किमिया दोन्ही नावं त्याचीच, दोन्ही जपानी शब्दांवरून, स्किमिया म्हणजे मूळ शिकिमी. पुढे १७८३ ला जॉन ग्रेफरने ऑक्युबा इंग्लंडात आणलं, ठिपक्यांच्या पानांचं, आणि ते सगळं मादी होतं. फांद्या लावून लावून देशभर पसरवलं, म्हणजे सगळ्या त्या एकाच बाईच्या लेकी. लोकांना पानं आवडली, पण लाल फळ कोणाच्याच झाडावर नाही, कारण नर या देशात नव्हताच. तो आणला रॉबर्ट फॉर्च्यूनने, १८६१ मध्ये, जपानातून. तब्बल ७८ वर्षं! आणि हा फॉर्च्यून म्हणजे तोच ज्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या उतारावर पोचवली. आपल्या सकाळच्या कपाशी आणि माझ्या कोपऱ्यातल्या झुडपाशी एकाच माणसाचा संबंध, हे वाचून अंगावर काटा आला.

६ मे

मादी स्किमिया शोधायला तीन ठिकाणी फिरले. यावेळी युक्ती कळली होती, मे महिन्यात ज्या झाडावर मागच्या वर्षीची लाल फळं अजून टिकून आहेत ती नक्की मादी, लेबल काहीही म्हणो. तिसऱ्या नर्सरीत मिळाली, नायमन्स जातीची. सहा फळं शिल्लक आणि वरती नवीन फुलं उशिरा उमलत होती, नशीबच म्हणायचं.

भिंगातून मादी फूल बघितलं, मधोमध हिरवा गोल बीजांडकोश, वर चिकट डोकं, बाजूला पुंकेसरांची नुसती खूण. दोन्ही फुलं हातावर शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो, नरात पिवळं दिसतं, मादीत हिरवं.

लेकीचा रंगाचा ब्रश धुवून वाळवून घेतला. रुबेलाची शेवटची फुलं राहिली होती, त्यांच्यावरून फिरवला आणि मादीच्या फुलांवर टेकवत गेलो, लेक मोजत होती, एक्काहत्तरपर्यंत मोजून कंटाळली. मधमाश्या येतात तशा, पण यावर्षी एप्रिल गारच गेला आणि मला धोका पत्करायचा नव्हता. मादी रुबेलापासून आठ फुटांवर लावली.

तिथेच एक स्किमिया रीव्हसियानापण घेतलं. ही फॉर्च्यूननेच चीनमधून आणलेली, हिच्या एकाच फुलात नर मादी दोन्ही, एकटीच फळते. ज्यांच्याकडे एकाच झाडाची जागा आहे त्यांनी हीच घ्यावी असं माझं मत. पण हिला आम्ल माती जास्त लागते म्हणून कुंडीत लावली, एरिकेशियस म्हणजे आम्ल माती लागणाऱ्या झाडांसाठीचं कंपोस्ट घालून, आणि पाणी फक्त पावसाच्या ड्रममधलं द्यायचं.

२५ जून

नायमन्सवर फळं धरली! ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी. एका घोसात १४ मोजली, सगळ्या झाडावर मिळून पन्नासच्या पुढे. नवऱ्याला ऑफिसात फोटो पाठवला.

१३ ऑगस्ट

पश्चिमेच्या कुंपणाजवळची रुबेला पिवळी पडतेय. आधी वाटलं लोह कमी पडतंय, पण लोह कमी पडलं की शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो, इथे अख्खं पान फिकट पडलंय आणि तेही फक्त कुंपणाच्या बाजूची पानं. मग संध्याकाळी जाऊन बसले आणि बघितलं. उन्हाळ्यात इथे सूर्य वायव्येला मावळतो, म्हणजे जून जुलैत संध्याकाळी सहानंतर उत्तरेकडच्या अंगणातसुद्धा कुंपणावरून तिरकं ऊन थेट त्या झाडावर. दिवसभर सावली आणि संध्याकाळी दोन तास तळपणं. ऑक्टोबरात हलवणार. आणि पुढच्या वेळी जागा ठरवताना डिसेंबरसोबत जूनचंही ऊन बघायचं.

२२ ऑक्टोबर

रुबेला हलवली, मातीच्या गोळ्यासकट, दोघांना उचलावी लागली. त्या मोकळ्या जागेत गॉल्थेरिया प्रोकम्बेन्सची चार रोपं. वीतभर उंचीची, जमिनीवर पसरणारी, लाल फळं, आणि पान चुरडलं की थेट दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास, कारण विंटरग्रीनचं तेल ते याच वंशाचं. निलगिरीतसुद्धा गॉल्थेरियाची एक जात उगवते आणि तिच्यापासूनही तेल काढतात. हिलापण आम्ल माती आवडते, म्हणून खड्ड्यात तेच कंपोस्ट. उन्हाचं काय ते पुढच्या जूनमध्ये बघू, कुंपणाच्या बुडाशी जमिनीलगत आहे तेव्हा ऊन तिच्या डोक्यावरून जाईल असं वाटतंय.

नायमन्सची फळं लाल व्हायला लागलीत, एका घोसात अर्धी हिरवी अर्धी लाल.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

आई आलीये सातारहून, गेल्या आठवड्यात. आल्या दिवशीच चपला घालून बागेत, थंडी आहे म्हणते तिला पण ऐकत नाही. स्किमियापाशी उभी राहिली, फळांना हात लावला, मग सवयीप्रमाणे एक पान तोडून चुरडून नाकाला लावलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, हे आपल्या कढीपत्त्याच्या घरातलं आहे."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. आणि ते अगदी खरं आहे, स्किमिया लिंबाच्या कुळातली, रूटेसी, त्याच कुळात लिंबू, बेल, कढीपत्ता आणि आमच्या न्हाणीघरामागची कुंती. पान उजेडात धरलं की बारीक तेलाचे ठिपके दिसतात, कढीपत्त्याच्या पानात दिसतात तसेच. आईला कूळबीळ माहीत नाही, तिने नाकाने ओळखलं. मग मी तिला सांगितलं की हिमालयात हिचीच बहीण उगवते, तिकडे नैर म्हणतात, आणि तिची वाळलेली पानं धूप म्हणून जाळतात. ती म्हणाली मग काय, देवाला चालतं.

दाराला तोरण केलं. आंब्याची पानं इंडियन स्टोअरमध्ये संपली होती, म्हणून स्किमियाची पानं आणि मधे मधे पिवळी शेवंती, दोन टोकांना लाल फळांचा एकेक घोस, लेकीच्या हाताला येणार नाही इतक्या उंचावर. आईने स्वतः ओवलं. संध्याकाळी पणत्या लावल्यावर ती फळं काचेसारखी चमकत होती.

१४ जानेवारी २०२४

आई गेली परत. तिळगूळ यावर्षी व्हिडिओ कॉलवर.

सारकोकोका फुललं. पहिल्या वर्षी जेमतेम, यावर्षी दार उघडलं की घरात वास येतो. स्किमियाची फळं जशीच्या तशी, काळ्या पाखरांनी शेजारच्या होलीची, म्हणजे नाताळात सजावटीला लावतात त्या काटेरी पानांच्या झाडाची, सगळी फळं नाताळाआधी संपवली पण इथे फारसा हात लावला नाही. म्हणूनच मे महिन्यात जुनी फळं दिसतात हे आता लक्षात आलं.

होलीवरून आठवलं, ऑफिसातल्या मैत्रिणीला होली घ्यायची आहे म्हणून तिच्यासाठी शोधत होते. गोल्डन किंग नावाची जात मादी, आणि सिल्व्हर क्वीन, गोल्डन क्वीन दोन्ही नर! नाव वाचून राणीला फळ येईल असं समजून कोणी घेतलं तर आयुष्यभर वाट बघेल. तिला जे. सी. व्हॅन टोल सुचवली, एकटीच फळते आणि काटेही कमी.

७ एप्रिल

आता ऑक्युबा. आमची क्रोटोनिफोलिया मादी, आणि ७८ वर्षं या देशातल्या सगळ्या ऑक्युबांचं जे झालं तेच तिचं झालंय, दीड वर्ष झालं एक फळ नाही. शेजारच्या आजोबांच्या फाटकाजवळ जुनं हिरव्या पानांचं ऑक्युबा आहे पण मधे दोन घरं आणि उंच भिंत. त्यांना विचारलं बघू का, म्हणाले या की. भिंग घेऊन गेले. उभा लांब तुरा, चार मरून पाकळ्या आणि चार पिवळट पुंकेसर, अगदी स्पष्ट नर. आमच्या झाडावरची फुलं छोट्या झुबक्यात, मधे हिरवा एकच दांडा.

आजोबांनी स्वतः कात्री आणून पाच तुरे कापून दिले. विचारलं काय करणार, सांगितलं तर त्यांचा चेहराच उजळला, म्हणाले तीस वर्षं हे झाड आहे आणि त्यांना माहीतच नव्हतं ते नर आहे. तुरे पाण्याच्या बरणीत घालून बरणी आमच्या ऑक्युबाच्या फांद्यांमधे बांधून ठेवली, आठवडाभर. माश्या आणि छोट्या मधमाश्या दोन्हींवर फिरताना दिसल्या. शिवाय ब्रशही फिरवला, यावेळी लेकीने एकटीने.

१४ जुलै

ऑक्युबावर पानांच्या बेचक्यात हिरवी लांबट फळं, एकूण ११. आजोबांना बोलावून दाखवली.

हलवलेल्या रुबेलाची पानं पुन्हा गडद झालीत. गॉल्थेरियाची एक गेली, बाकी तीन जोमात, उन्हाने नाही, पाणी साचून गेली, त्या कोपऱ्यात चिकणमाती जास्त आहे. तिथे पुढच्या वेळी जमीन हातभर उंच करून मगच लावायची.

१ डिसेंबर, रविवार

ऑक्युबाची फळं फार सावकाश पिकतात. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, हिरवीच. स्किमिया केव्हाची लाल झाली, यावर्षी नव्वदच्या वर फळं, रीव्हसियानाच्या कुंडीतही दोन घोस. आज सकाळी चहा घेऊन बाहेर गेले, दवाने सगळं ओलं, आणि ऑक्युबाच्या ११ फळांतल्या एकाचा एक गाल तांबडा दिसला. करंगळीच्या पेराएवढं फळ, वरची बाजू लाल, देठाकडे अजून हिरवं. लेकीला उठवून दाखवलं, तिने आधी स्वतःच सांगितलं की खायचं नाही.

पिकल्यावर दोन फळं आजोबांना द्यायची आहेत, त्यांना बी पेरायचंय. फळाचा गर पूर्ण धुवून काढून बी कुंडीत पेरायची आणि हिवाळाभर बाहेर थंडीतच ठेवायची असं त्यांना सांगितलंय. रोपं नर निघणार की मादी ते फुलं येईपर्यंत कळणार नाही, आणि फुलं यायला काही वर्षं जातील. ते म्हणाले, चालेल, मी थांबतो.